सही कोणाची? बीएस्सी बायोचा हिशोब

(सकाळचं परळ. केईएमकडे चाललेली माणसं.)

परळला आचार्य दोंदे मार्गावर सकाळी उभे राहिलात ना, की केईएमला चाललेले लोक दिसतात, टाटाला चाललेले दिसतात, हातात फाइल नायतर एक्स-रेची ती मोठी पिशवी, आणि ह्याच रस्त्यावर हे हाफकिन इन्स्टिट्यूटचं गेट आहे ज्याच्याकडे सहसा कोण बघत नाय. गेटवर नाव आहे तो वाल्डेमार हाफकिन. प्लेगची लस त्याने इथेच मुंबईत बनवली, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, आणि 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. हे बऱ्याच जणांनी कुठेतरी वाचलेलं असतं. पण हा माणूस डॉक्टर नव्हता, हे कोणी सांगत नाय. झूलॉजीवाला होता, ओडेसाला शिकलेला. म्हणजे आपल्या भाषेत बीएस्सी बायो.

मीपण तीच. टीवाय, म्हणजे बीएस्सीचं शेवटचं वर्ष, झूलॉजीत, 2009 ची बॅच.

आता खरं सांगायचं तर आमच्या वर्गात आवडीने आलेले चार-पाचच असतील, बाकी सगळे मेडिकलच्या सीईटीत आपटलेले, आता नीटमध्ये आपटतात एवढाच फरक. माझी आत्या रिझल्टच्या दिवशी म्हणाली, "अगं मग दात तरी उपट की लोकांचे, बीडीएसला टाक." ते पण नाही बसलं मार्कांत, मग बायोचं करायचं काय, तर बीएस्सी. एडेड, म्हणजे सरकारी अनुदानाचं कॉलेज होतं, वर्षाची फी सहा हजारांच्या आसपास, बाबा म्हणाले एवढ्यात तर तुझा क्लासचा एक महिना पण निघत नव्हता, घे ॲडमिशन. सेल्फ फायनान्स बायोटेकला गेलेल्या मैत्रिणीने ह्याच्या कितीतरी पट भरले आणि तीन वर्षांनी आम्ही दोघी एकाच इंटरव्ह्यूच्या लाइनीत उभ्या होतो, हे तिला आजपण बोललं की राग येतो.

शिकलो मात्र मजेत. तेव्हा डिसेक्शन असायचं. मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, यायची ससून डॉकवरून, लॅबचे मामा गोणीत घेऊन यायचे, आणि तिच्या डोक्यातल्या नर्व्ह उकरून काढताना अख्ख्या मजल्याला वास. डिसेक्शन बॉक्स प्रत्येकीचा स्वतःचा.

(ट्यूब्जचा स्टँड, जवळून.)

पहिली नोकरी कुर्ल्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. बीएस्सीनंतर एक वर्षाचा डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केला तेव्हा कुठे ती मिळाली, पगार साडेपाच हजार. सकाळी सहा चाळीसला पहिला पेशंट उपाशी पोटी येऊन बसलेला असायचा. जांभळ्या टोपीची ट्यूब सीबीसीला, करडी शुगरला, निळी रक्त गोठायच्या टेस्टला, आणि निळीत रक्त बरोब्बर खुणेपर्यंत भरावं लागतं, कमी पडलं तर रिपोर्ट चुकतो, परत टोचायचं आणि परत शिव्या खायच्या. माझ्या बाजूला एक मुलगा बसायचा, त्याने बारावीनंतर थेट दोन वर्षांचा डीएमएलटी केलेला. काम तेच, खुर्ची तीच, त्याला पाचशे रुपये जास्त, कारण तो माझ्या आधी लागला होता. मी गणित मांडलं तर माझी झूलॉजीची तीन वर्षं त्या हिशोबात कुठे दिसेचनात.

आणि रिपोर्ट. रक्त काढणारी मी, मशीन चालवणारी मी, स्लाइड बघून "सर, हे वेगळं वाटतंय" म्हणणारी मी. खाली सही एमडी पॅथॉलॉजिस्टची. ते बरोबरच आहे बरं का, मी तक्रार करत नाहीये, डिसेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानेसुद्धा सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरचीच सही चालेल. पण त्या लॅबमध्ये मला कळलं की पगार कामाला नसतो, सहीला असतो.

मग सहीच शोधत सुटले. मेडिकलच्या दुकानात बसायला रजिस्टर्ड फार्मसिस्ट लागतो, डीफार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा झालेला, बायोवाला चालत नाय. औषधाच्या कंपनीत प्रॉडक्शनची जबाबदारी घ्यायची तर एफडीएचं, म्हणजे सरकारच्या औषध खात्याचं, अप्रूव्हल लागतं, आणि 1945 चे ड्रग्ज रूल्स काय म्हणतात, तर बीफार्म असेल तर दीड वर्षाचा अनुभव, बीएस्सी असेल तर तीन वर्षांचा, पण मुख्य विषय केमिस्ट्री हवा. म्हणजे एसवायला आम्ही "केमिस्ट्री बोअर आहे गं" म्हणून टीवायला झूलॉजी घेतली त्या दहा मिनिटांची किंमत एवढी. मायक्रोबायोलॉजीवाल्यांचं जरा बरं, इंजेक्शनच्या बॅचची स्टरिलिटी टेस्ट 14 दिवस चालते आणि ती करायला मायक्रोवालाच लागतो, फूड सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेत पण मायक्रो आणि बायोटेक आहे. झूलॉजी नाय, बॉटनी नाय.

मग माझ्यासारखे जातात कुठे? नवी मुंबईत, ऐरोलीला, महापेला. मेडिकल कोडिंग. अमेरिकेतल्या पेशंटचे कागद इथे वाचायचे आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक दुखापतीला त्यांचा कोड लावायचा, त्यावर तिकडची इन्शुरन्स कंपनी पैसे देते. बदकाने मारलं तर त्यालाही कोड आहे, डब्ल्यू 61.62, खोटं नाही सांगत. इथे ॲनाटॉमीचे शब्द येतात म्हणून बायोवाली पोरं घेतात, शिवाय एक सर्टिफिकेट मागतात. मी चार वर्षं केलं. पैसे लॅबपेक्षा बरे, पाठ गेली.

रिसर्चचं थोडक्यात, कारण तो रस्ता लांब आहे. एमएस्सी, मग नेटची परीक्षा, मग जेआरएफ, म्हणजे सरकारी रिसर्च फेलोशिप. 2023 पासून महिना 37 हजार आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी 42 हजार. मुंबईत एकटीला पुरतात, लग्नाचं वय झालं म्हणणाऱ्या घराला पुरत नाहीत.

आणि गंमत बघा, आमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त कमावतो तो कोण, तर ठाण्यात नीटचे बायोचे क्लास घेणारा. 720 पैकी 360 मार्क बायोचे, त्याच्यामुळे त्याला मागणी. आम्ही जिथून आपटून आलो तिथेच तो पोरं चढवतो. त्याला कोणाची सही लागत नाय.

हाफकिनला पण डॉक्टर नसणं नडलंच. 1902 मध्ये पंजाबात मुल्कोवालला त्याच्या लसीने 19 माणसं धनुर्वाताने गेली, सगळ्यांना लस एकाच बाटलीतली, ठपका त्याच्या परळच्या लॅबवर. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टर साहेब लोकांत हा बिनडॉक्टर माणूस आधीच उपरा, सगळे तुटून पडले. नंतर बाहेर आलं की तिकडे गावात बाटली उघडताना असिस्टंटच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याने तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. हाफकिन निर्दोष ठरला 1907 मध्ये. पाच वर्षं गेली. हाफकिन नाव इन्स्टिट्यूटला लागलं 1925 मध्ये.

(घर. जुनं कपाट.)

ह्या जूनमध्ये भाची आली. बारावी झालीय, नीट दिलीच नाही तिने. मी तिला वरचं सगळं ऐकवलं, सहीचं, केमिस्ट्रीचं, म्हटलं मायक्रो घे, एडेडमध्येच घे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, मला किडे आवडतात." झालं, फॉर्म भरला, झूलॉजी.

मग विचारते, तुझा तो डिसेक्शन बॉक्स आहे का अजून. म्हटलं तुला कोण कापायला देणारे, यूजीसीने 2014 मध्येच बंद केलं ते, आता चार्ट आणि मॉडेल. तरी काढला. कात्री गंजलेली, सुया पार काळ्या पडलेल्या. चिमटा तेवढा चांगला होता, तो घेऊन गेली.