पाचवी सिंफनी: कोणतं रेकॉर्डिंग लावू?

बेथोव्हनची पाचवी ऐकायची ठरवली, ॲपवर नाव टाकलं, तर रेकॉर्डिंगांची रांगच लागते. त्यातलं कुठलं लावू, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. दोन गवयांचा यमन वेगळा असणार हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. इथे मात्र स्वर न् स्वर कागदावर लिहिलेला, मग एवढा फरक पडतो कुठे?

मी एकच जागा सांगतो. सुरुवातीचे ते प्रसिद्ध चार स्वर सोडा, ते सगळेच दणक्यात वाजवतात. तिसरा भाग न थांबता चौथ्यात जातो, तिथे कान द्या. तंतुवाद्यं एक स्वर अगदी दबक्या आवाजात धरून ठेवतात, टिंपनीचे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचे, ठोके हलकेच चालू असतात आणि व्हायोलिनं चाचपडत वर सरकतात. हे सुमारे पन्नास बार (लिहिलेल्या संगीतातले मात्रांचे गट) चालतं. आवाज वाढवायची सूचना येते ती अगदी शेवटच्या काही बारांत. आणि मग चौथा भाग फुटतो. तीन भाग गप्प बसलेली ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून ही फुंकून वाजवायची वाद्यं इथे पहिल्यांदा वाजतात.

कंडक्टर उतावळा असेल तर तो आवाज आधीच वाढवत नेतो आणि स्फोट फुसका निघतो. कंडक्टर चांगला असला तरी ध्वनिमुद्रकाने हळू आवाज उचलून आणि मोठा दाबून सगळं एका पातळीवर आणलं, तर तीच गत. आणि दोघांनीही नीट काम केलेलं असताना तुमचं ॲप दोन ट्रॅकमध्ये क्षणभर थांबलं, तर सगळंच वाया! ट्रॅक नेमका तिथेच तुटतो. ट्रॅक मधे न थांबता सलग वाजवायचं ॲपमधलं सेटिंग आधी बघा, स्पीकर नंतर बदला.

नुसत्या नावावर जाऊ नका. कंडक्टर करायानने बेथोव्हनच्या नऊही सिंफनींचा संच चार वेळा केला. त्यातला बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचा १९६१-६२चा मला सर्वांत ताजा वाटतो. १९८०च्या दशकातला डिजिटल संच त्यामानाने कडक आणि चकचकीत. ॲपवर दिसणारं साल बहुधा प्रकाशनाचं असतं, तेव्हा ध्वनिमुद्रणाचं साल शोधून काढा. ऑर्केस्ट्राचं नावच दिलेलं नसेल तर सरळ पुढे जा.

कंडक्टर फुर्टव्हेंगलरचं मे १९४७चं बर्लिनचं रेकॉर्डिंग मोनो आहे, म्हणजे स्टिरिओ नाही, खोकलेही ऐकू येतात. नाझी राजवटीतल्या भूमिकेची चौकशी संपल्यावर तो आपल्या ऑर्केस्ट्रापुढे पुन्हा उभा राहिला, ते हे दिवस. तिसऱ्या आणि चौथ्या भागांमधला तो पूल फुर्टव्हेंगलर इतका ताणतो की आता तुटेल असं वाटतं. पहिलंच म्हणून मात्र हे घेऊ नका, जुन्या आवाजाला कान सरावावा लागतो. उलट कंडक्टर गार्डिनरचं, १९९४ साली आलेलं: बेथोव्हनच्या काळातल्या धाटणीची वाद्यं, आतड्याच्या तारा, त्यानेच लिहून ठेवलेल्या वेगाच्या जवळ जाणारी लय. त्यात टिंपनीचा ठोका न् ठोका सुटा ऐकू येतो. माझ्या काही मित्रांना ते कोरडं वाटतं. मला नाही वाटत.

आपल्या मुंबईचे झुबिन मेहता यादीत का नाहीत, असं कुणीतरी विचारणारच. त्यांची खरी गंमत ऐकायची तर संगीतकार होल्स्टचं ‘द प्लॅनेट्स’ घ्या, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबरचं, १९७१चं. पाचवीसाठी मी त्यांच्याकडे जात नाही.

एकच घ्यायचं असेल तर कार्लोस क्लायबर, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४. मुद्रण म्युझिकफेराइनच्या सभागृहातलं. तो घाई करत नाही आणि रेंगाळतही नाही; त्या पन्नास बारांत आपण खुर्चीच्या कडेवर येतो. तेच आता लावतो, तिसऱ्या भागापासून. आवाज मी चौथ्या भागावर बेतून ठेवलाय, तेव्हा मधे कुणी ‘जरा वाढवा’ म्हणू नका.