ऑगस्ट-सप्टेंबरच्या बागेसाठी क्रोकोस्मिया: 'ल्युसिफर'वर थांबू नका

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये बाग करणाऱ्यांना ऑगस्ट अर्धा उलटला की एकच प्रश्न पडतो: आता फुलणार काय? गुलाबाचा पहिला भर ओसरलेला असतो, डेल्फिनियम छाटून झालेली असतात, हिरवळ पिवळी पडलेली असते. आणि आपल्या घरी नेमकी त्याच सुमारास गणपतीची गडबड. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला बसणार. या तीन आठवड्यांत बागेत लाल-केशरी रंग हवा असेल, तर क्रोकोस्मियासारखं, कंदातून येणारं दुसरं फुलझाड नाही. फक्त जात बघून घ्यायला हवी, आणि आजचा सगळा व्हिडिओ त्यावरच आहे.

गार्डन सेंटरमध्ये जाऊन नुसतं "क्रोकोस्मिया द्या" म्हटलंत, तर बहुतेक वेळा हातात 'ल्युसिफर' पडतो. झाड देखणं आहे यात वादच नाही. मीटर-सव्वा मीटर उंची, तलवारीसारखी चुण्यांची पानं, आणि वाकलेल्या दांड्यावर रांगेनं उघडणारी लालभडक फुलं. नॉरफोकमधल्या ब्रेसिंगहॅमच्या ॲलन ब्लूम यांच्या नर्सरीत १९६०च्या दशकात तो तयार झाला आणि आजही सगळ्यात जास्त विकला जाणाऱ्यांपैकी आहे. पण तो फुलतो जुलैमध्ये. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्याचा बहर जवळपास आटोपतो. म्हणजे गणपतीला दारात फुलं हवीत म्हणून ल्युसिफर लावलात, तर आरतीच्या वेळी त्याच्यावर हिरव्या बोंडांशिवाय काही नसेल.

असं का होतं, ते आईबापांकडे पाहिलं की कळतं. ल्युसिफर ज्या दोन रानटी जातींच्या संकरातून आला, त्या मॅसोनोरम आणि पॅनिक्युलाटा. दोन्ही थोराड, रुंद पानांच्या. उशिरा फुलणाऱ्या बहुतेक जातींचं घराणं वेगळं आहे. फ्रान्समधल्या नान्सी शहरात व्हिक्टर लेमॉइन यांनी १८८०च्या सुमारास ऑरिया आणि पॉट्सी या जातींचा संकर केला, त्याची ही संतती. बुटकी, अरुंद पानांची, आणि ऑगस्टपासून थेट सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत फुलणारी. म्हणून नर्सरीत लेबल पुसट झालेलं असलं तरी पानावर बोट फिरवून बघा. पान रुंद आणि पंख्यासारख्या चुण्यांचं असेल तर ते सहसा लवकर फुलणारं, अरुंद आणि सपाट असेल तर उशिरा फुलणारं.

आता माझी पहिली पसंती सांगते: 'स्टार ऑफ द ईस्ट'. हाही नॉरफोकचाच. वेस्टविक हाउसचे मुख्य माळी जॉर्ज डेव्हिसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तयार केला. क्रोकोस्मियातल्या सगळ्यात मोठ्या फुलांमध्ये याची गणना होते. जर्दाळूसारखा केशरी रंग, मध्यभागी फिकट, आणि फूल मान खाली न घालता समोर बघतं. लांबून बघितलं तरी एकेक फूल सुटं दिसतं. ल्युसिफरचा जसा लाल पट्टा दिसतो तसं याचं नाही. एकच जात घेण्यापुरती जागा असेल, तर मी हीच घ्या म्हणेन.

दुसरी 'एमिली मॅकेन्झी'. उंची साधारण ५० ते ६० सेंटीमीटर, त्यामुळे वाफ्याच्या पुढच्या ओळीत चालते. गडद केशरी पाकळ्या आणि घशाभोवती तपकिरी-लाल ठिपक्यांचं कडं. या जातीची खरी मजा जवळून बघण्यात आहे, म्हणून पायवाटेच्या कडेला लावा. पण ही ल्युसिफरइतकी दणकट नाही. जमीन कोरडी पडली की रुसते.

पिवळ्यात 'जॉर्ज डेव्हिसन' छान आहे, त्याच माळीबुवांचं नाव दिलेला. पानांसाठी काही घ्यायचं असेल तर 'सोल्फातार': धुरकट तांबूस पानं, त्यावर फिकट जर्दाळू फुलं. मात्र थंडीला ती थोडी नाजूक आहे. स्कॉटलंडमध्ये किंवा उत्तरेकडे राहत असाल तर कुंडीत लावा आणि हिवाळ्यात आडोशाला घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते. शेजाऱ्यांनी कुंपणाजवळून उपटून दिलेला, नाव नसलेला केशरी झुबका घेऊ नका. तो बहुधा मॉन्टब्रेशिया, म्हणजे क्रोकोस्मियाचाच रानोमाळ पसरणारा संकर असतो. कॉर्नवॉलमध्ये आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर रस्त्यांच्या कडेला मैलोन्‌मैल दिसतो तोच. दिसतो सुंदर, पण त्याच्या खालची रानफुलं तो जगू देत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो वन्यजीव कायद्याच्या नवव्या परिशिष्टात आहे, म्हणजे मोकळ्या रानात लावणं किंवा पसरू देणं हा गुन्हा आहे. बागेतून काढलेले कंद ओढ्याकाठी, रानात कुठेही टाकू नका. एवढासा तुकडासुद्धा पुन्हा उगवतो.

(कंदांची माळ कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा. दरवर्षी जुन्या कंदावर नवा कंद बसतो आणि अशी एकावर एक माळ तयार होते. तीन-चार वर्षांनी गर्दी इतकी होते की पानं भरपूर येतात आणि फुलं कमी. तेव्हा वसंतात, कोंब दिसायला लागताच, झुबका उकरा, माळा हलक्या हातानं सोडवा आणि आठ-दहा सेंटीमीटर खोल पुन्हा लावा. खोली महत्त्वाची आहे. वरवर लावलेला कंद थंडीत मरतो आणि दांडेही आडवे पडतात.

पाण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. आफ्रिकेतलं झाड, म्हणजे कोरड्यात जगणारं, असं पुष्कळांना वाटतं. पण क्रोकोस्मिया मुख्यतः येतो तो दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातून, जिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो. ओढ्याकाठच्या, ओलसर गवताळ उतारांवरचं हे झाड. वाढायच्या दिवसांत ओल आणि हिवाळ्यात विश्रांती, असा त्याचा क्रम. म्हणून मे-जूनमध्ये पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या. पानं कोरडेपणात तांबूस-करडी पडू लागली, तर पानाची मागची बाजू बघा, लाल कोळी ही कीड लागलेली असू शकते. जमिनीत कुजलेलं खत मिसळा, ऊन निदान अर्धा दिवस मिळू द्या. पाणी साचून राहणारी जागा मात्र नको.

सोबतीला मी जांभळट निळा 'मोंख' ॲस्टर सुचवेन. तोही ऑगस्टपासून फुलतो आणि केशरी त्याच्याशेजारी उजळून दिसतो. मागे गवतं लावा, पुढे झेंडू चालेल.

खरेदी शक्यतो आत्ता करा, फुललेली कुंडी बघून. पाकिटातले सुकलेले कंद स्वस्त मिळतात, पण ते रुजायला त्रास देतात, आणि आत भलतीच जात निघाली हे कळायला पुढचा ऑगस्ट उजाडतो. फुलदाणीसाठी दांडा कापताना खालच्या दोन-तीन कळ्या उघडलेल्या असाव्यात, वरच्या पाण्यात उमलतात. जास्वंद इथल्या थंडीत बाहेर टिकत नाही, त्यामुळे गणपतीसमोर हे दांडे मी आवर्जून ठेवते.

आणि पुण्या-नाशिकच्या आई-आत्यांसाठी कंद पिशवीत घालून नेऊ नका. परवानगी आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय भारतात असे कंद नेता येत नाहीत. शिवाय महाबळेश्वरसारख्या थंड, पावसाळी जागी तो कुंपणाबाहेर गेला, तर कॉर्नवॉलमध्ये झालं तेच तिथे होऊ शकतं.