जुना सर्व्हर बंद करण्याआधी: डोमेनमधले पाच रोल कुणाकडे आहेत ते शोधा

नमस्कार मंडळी. एक जुना डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कमधले अकाउंट आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, बंद करायचा आहे. "त्याच्यावर आता काहीच चालत नाही," असं सगळे सांगतायत. पॉवर बटणाला हात लावण्याआधी एवढं बघा: त्याच्याकडे एखादा एफएसएमओ रोल, म्हणजे एका वेळी एकाच सर्व्हरकडे असणारी खास जबाबदारी, तर नाही ना? आज हेच कसं शोधायचं ते बघू.

विंडोज एनटीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. बदल स्वीकारणारा प्रायमरी डोमेन कंट्रोलर, म्हणजे पीडीसी, एकच असायचा, बाकीच्यांकडे फक्त त्याची प्रत. विंडोज २००० मध्ये अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे अकाउंट वगैरे माहितीचा साठा, आली आणि कुठल्याही डोमेन कंट्रोलरवर बदल करता येऊ लागले. पण काही कामं अशी आहेत की ती दोघांनी एकाच वेळी केली तर घोळ ठरलेला. अशी कामं पाच रोलमध्ये वाटलेली आहेत, आणि प्रत्येक रोल एका वेळी एकाच सर्व्हरकडे असतो.

यातला आरआयडी मास्टर नीट समजून घ्या, कारण फसवतो तो हाच. प्रत्येक नव्या अकाउंटला एक ओळख क्रमांक मिळतो आणि त्याचा शेवटचा भाग, म्हणजे आरआयडी, डोमेनमध्ये पुन्हा वापरला जाता कामा नये. म्हणून आरआयडी मास्टर प्रत्येक डोमेन कंट्रोलरला ५०० आकड्यांचा गठ्ठा देतो. निम्मे संपले की तो सर्व्हर पुढचा गठ्ठा मागतो. आता हा मास्टर बंद पडला तर? त्या दिवशी काहीही होत नाही. अकाउंट बनत राहतात. मग कधीतरी, कदाचित काही महिन्यांनी, एका सर्व्हरचा साठा संपतो आणि तिथे नवीन अकाउंट बनायचं थांबतं. तोवर बंद केलेला सर्व्हर कुणाच्या लक्षातही नसतो.

पीडीसी एम्युलेटरचं बरोबर उलटं. तो गेला की लवकरच जाणवतं. डोमेनची वेळ त्याच्याकडून येते, आणि लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉसला घड्याळांमध्ये साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. नुकताच बदललेला पासवर्डही आधी त्याच्याकडे पोहोचतो.

डिरेक्टरीची रचना सांभाळणारा स्कीमा मास्टर आणि डोमेन जोडणं-काढणं सांभाळणारा डोमेन नेमिंग मास्टर अख्ख्या फॉरेस्टमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सगळ्या डोमेनमध्ये मिळून, एकेकच असतात. आणि इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर, दुसऱ्या डोमेनमधल्या ऑब्जेक्टचे संदर्भ ताजे ठेवणारा. एकच डोमेन असेल तर त्याला फारसं काम नसतं.

(स्क्रीनवर कमांड प्रॉम्प्ट)

आता शोधू या. कोणत्याही डोमेन कंट्रोलरवर टाइप करा: नेटडॉम, स्पेस, क्वेरी, स्पेस, एफएसएमओ. एंटर. पाच ओळी, पाच रोल, समोर सर्व्हरची नावं. पॉवरशेल आवडत असेल तर गेट-एडीफॉरेस्ट फॉरेस्टचे दोन रोल दाखवतं आणि गेट-एडीडोमेन उरलेले तीन. खिडक्या उघडून माउसनेही बघता येतं, पण स्कीमा मास्टरसाठी आधी एक डीएलएल रजिस्टर करावी लागते. त्या वाटेला जाऊ नका.

नावं दिसली, पण इथेच थांबू नका. हे उत्तर येतं कुठून? डिरेक्टरीतल्या पाच ऑब्जेक्टवर 'एफएसएमओ रोल ओनर' नावाचा एक अ‍ॅट्रिब्यूट असतो, त्यात लिहिलेलं नाव तुम्हाला दिसतं. हा अ‍ॅट्रिब्यूटही बाकी माहितीसारखाच रेप्लिकेट होतो, त्याची प्रत एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाते. म्हणजे सर्व्हर तुम्हाला स्वतःच्या प्रतीत जे आहे तेच सांगतो. रेप्लिकेशन अडकलं असेल, तर मागच्या आठवड्यात हलवलेला रोल त्याच्या लेखी अजून जुन्याच जागी असतो. म्हणून माझा आग्रह आहे: निदान दोन डोमेन कंट्रोलरना विचारा. पॉवरशेलमध्ये डॅश सर्व्हर लिहून पुढे नाव दिलं की झालं. उत्तरं जुळली नाहीत तर रोलचा विषय बाजूला ठेवा, आधी रेप्लिकेशन दुरुस्त करा.

दुसरी गोष्ट. यादीत नाव आहे म्हणजे तो सर्व्हर जिवंत आहे, असं नाही. कायमचा गेलेला सर्व्हरही यादीत दिमाखात दिसतो, कारण रोल आपोआप दुसरीकडे जात नाही. ते तपासायला डीसीडायग या तपासणीच्या कमांडची 'नोज ऑफ रोल होल्डर्स' ही टेस्ट चालवा. रोलवाला सर्व्हर प्रतिसाद देत नसेल, तर ती तसं स्पष्ट सांगते.

(स्क्रीनवर दोन्ही सर्व्हरचे निकाल शेजारी शेजारी)

जुन्या सर्व्हरकडे रोल निघालाच, तर तो चालू असतानाच ट्रान्सफर करा. ट्रान्सफरमध्ये दोन्ही सर्व्हर एकमेकांशी बोलून कारभार सोपवतात. सीझ म्हणजे जबरदस्तीने घेणं. ते फक्त सर्व्हर परत येणारच नसेल तेव्हा करायचं, आणि त्यानंतर तो जुना सर्व्हर तसाच पुन्हा नेटवर्कवर आणायचा नाही.

ट्रान्सफर झालं? मग तीच कमांड पुन्हा दोन सर्व्हरवर चालवा. दोन्हीकडे नवं नाव दिसलं, की जुन्याचं डिमोशन, म्हणजे डोमेन कंट्रोलरचं काम त्याच्याकडून काढून घेणं, सुरू करा.