बाटली झाकली, तोंडं उघडीच

[दृश्य: टेबलावर रेड वाईनच्या पाच बाटल्या, शेजारी खाकी कागदी पिशव्या आणि चिकटपट्टी.]

ब्लाइंड टेस्टिंग (लेबल न बघता वाईनची चव घेणं) म्हटलं, की डोळ्यांवर पट्टी बांधलेली माणसं नजरेसमोर येतात. प्रत्यक्षात माणसांचे डोळे उघडेच असतात. पट्टी बांधायची ती बाटलीला.

आज पाच मित्रमैत्रिणींनी एकेक बाटली आणलीय. सहावी मैत्रीण यजमान आहे. ती आज चव घेणार नाही, कारण कुठल्या ग्लासात काय आहे हे फक्त तिलाच माहीत असणार. तिचं काम लपवाछपवीचं. आणि वाटतं तितकं ते सोपं नाही.

पिशवी चढवली, की झालं? छे. बाटली पिशवीतूनही चुगली करते. खांदे रुंद आणि ताठ असले, की जाणकार म्हणणार, ही बोर्डो घाटाची. खांदे उतरते असले, की बर्गंडी. (दोन्ही फ्रान्समधले वाईनचे प्रांत.) गळ्याला फॉइलचा तुकडा राहिला तर त्याचा रंग दिसतो. बूच टेबलावर राहिलं तर त्याच्यावरचा छाप वाचता येतो. फिरकीचं झाकण असेल तर गळ्यावरचे आटे दिसतात. आणि बाटली हाताला जड लागली, की चव घ्यायच्या आधीच मन म्हणतं, काहीतरी भारी दिसतंय.

म्हणून यजमानीण पिशव्या बाजूला ठेवते आणि पाचही बाटल्या उचलून स्वयंपाकघरात नेते. ओतायचं ते तिथेच. टेबलावर येणार ते फक्त ग्लास.

[दृश्य: स्वयंपाकघर. मापाचं भांडं, ग्लासांच्या रांगा.]

ओतण्याआधी ती प्रत्येक बाटलीचा वास घेते. बुचाच्या बाटल्यांमध्ये कधीकधी टीसीए नावाचं एक संयुग वाईनमध्ये उतरतं. लिटरमागे अवघे काही नॅनोग्रॅम पुरतात. वाईनचा फळांचा वास दबतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. अशी बाटली रांगेत शिरली, तर पाचहीजण त्या वाईनला नावं ठेवतील, आणि दोष असेल बुचाचा.

मग माप. प्रत्येक ग्लासात ५० मिलिलिटर. चव घेण्याच्या ग्लासासाठी १९७७ साली एक आंतरराष्ट्रीय मानक ठरलं: ट्यूलिपच्या आकाराचा, वरती निमुळता, सुमारे २१५ मिलिलिटरचा ग्लास. त्यात ५० मिलिलिटर ओतलं, की वर वास साठायला जागा राहते आणि ग्लास गोल फिरवला तरी वाईन सांडत नाही. सगळ्या बाटल्या एकाच तापमानाला, सोळा-अठरा अंशांच्या आसपास. एखादी फ्रीजमधून थेट आली तर तिचा वास बसतो आणि तुरटपणा डोकं वर काढतो.

ग्लासांना १, २, ३ असे आकडे ती देत नाही. पहिला नंबर म्हटला, की पहिलेपणाचा मान आपोआप मिळतो. चवीच्या प्रयोगशाळांमध्ये वापरतात तसे तीन आकडी सांकेतिक क्रमांक तिने ग्लासांच्या तळाला चिकटवलेत: ४१७, ८३२, २६५... आणि प्रत्येकाच्या पुढ्यात ग्लासांचा क्रम वेगळा. यामागे कारण आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एकामागून एक वाईनचे नमुने दिले आणि आवडता निवडायला सांगितला. बऱ्याच जणांनी पहिला निवडला. प्रत्यक्षात सगळे नमुने एकाच वाईनचे होते.

वाईन पाच, पण प्रत्येकापुढे ग्लास सहा. एक वाईन दोनदा ओतलीय. कुठली, ते यजमानीण सांगणार नाही. दोनदा ओतलीय, हेही नाही.

[दृश्य: टेबल. पाच चेहरे. पहिला घोट.]

आता बघा. बाटल्या स्वयंपाकघरात, लेबलं दिसत नाहीत, नावं माहीत नाहीत. आणि पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत एकजण छातीठोकपणे म्हणतो, "ही महागातली आहे. लावता पैज?"

कॅमेरा त्याच्यावर नको. त्याच्या शेजारणीच्या कागदावर न्या. तिने लिहिलं होतं, 'कडवट'. पेन्सिल थांबते. ती त्या शब्दावर रेघ मारते आणि पुढे लिहिते, 'दमदार'.

खरं लेबल हे. बाटलीवरचं झाकता येतं. मित्राच्या तोंडावाटे बाहेर पडलेलं झाकणार कसं? मित्रांच्या टोळक्यात एक तरी असा असतोच, ज्याला वाईनमधलं कळतं अशी सगळ्यांची समजूत असते. खुद्द त्याचीही. त्याने भुवई उडवली तरी बाकीचे त्याचीच री ओढतात. वाईनमधली तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, म्हणून जीभ कोरडी पडते. पण ती कोरडी जीभ वाईट समजायची की वाईनची ताकद समजायची, हे मात्र शेजारी काय म्हणाला त्यावर ठरतं.

यजमानीण टाळी वाजवते. नवा नियम: कागद गोळा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. हुंकारही भरायचा नाही.

"अगं, मग मजा काय राहिली?"

"कागद दे, मग कर मजा."

[दृश्य: पॅरिसचं जुनं छायाचित्र. खाली तारीख: २४ मे १९७६.]

ही खोड हौशी मंडळींचीच आहे असं समजू नका. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईन व्यापाऱ्याने १९७६ मध्ये जगातली बहुधा सर्वात गाजलेली ब्लाइंड टेस्टिंग भरवली. नऊ फ्रेंच परीक्षक. कॅलिफोर्नियाच्या वाईन एका बाजूला, बर्गंडी आणि बोर्डोच्या दुसऱ्या बाजूला. व्हाइटमध्ये शॅटो माँटेलेनाची १९७३ची शार्डोने पहिली आली, रेडमध्ये स्टॅग्ज लीपची १९७३ची कॅबर्ने. शार्डोने आणि कॅबर्ने ही द्राक्षांची नावं. दोन्ही वाईन कॅलिफोर्नियाच्या.

निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. मला रस आहे तो त्या दुपारच्या बडबडीत. परीक्षक चव घेता घेता आपापसात बोलत होते. नामांकित शेफ रेमों ऑलिव्हेर यांनी एक घोट घेतला आणि, चला, आलो बुवा फ्रान्सला परत, अशा अर्थाचं उद्गारले. ग्लासात कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातली शार्डोने होती. त्यातून व्हाइटचा निकाल रेडची फेरी सुरू होण्याआधीच जाहीर झाला. म्हणजे बाटल्या झाकलेल्या, पण फ्रान्सची अब्रू पणाला लागलीय हे एव्हाना प्रत्येकाला कळलेलं. अशा वेळी माणूस वाईनची चव घेतो, की कुठली आपली आणि कुठली त्यांची ते हुडकत बसतो? ओदेत कान या परीक्षक तर शेवटी आपली गुणपत्रिका परत मागत होत्या. स्परियर यांनी ती दिली नाही.

[दृश्य: पुन्हा टेबल. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरलेला.]

आपल्या टेबलावरही हुडकाहुडकी चाललीय. प्रत्येकजण सहा ग्लासांत स्वतः आणलेली बाटली शोधतोय. कुणी रंग बघतंय, कुणी ग्लासाच्या कडेवरून ओघळणारे थेंब. ते थेंब चवीबद्दल काही सांगत नाहीत. अल्कोहोल पाण्याआधी उडतं, पृष्ठताण बदलतो, म्हणून ते ओघळतात. रंग तर त्याहून लबाड. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना वासाचं वर्णन करायला सांगितलं. व्हाइट वाईनमध्ये वासहीन लाल रंग मिसळला, तर त्यांनी तिच्यासाठी रेड वाईनचे शब्द वापरले. ही गोष्ट सांगताना लोक विद्यार्थ्यांचे 'जगातले मोठे तज्ज्ञ' करून टाकतात. तेवढं तिखटमीठ लावायची गरज नाही. डोळा नाकाच्या आधी निकाल देतो, एवढं त्यातून पुरेसं दिसतं.

कागद गोळा झाले. आता बोला.

आणि भांडण जुंपतं ते २६५ नंबरच्या ग्लासावरून. दोघांना त्यात काळी मिरी लागते, अगदी ठसठशीत. तिसरी म्हणते, "कसली मिरी? मला तर काहीच नाही आलं." दोघं हसतात. हसू नये. सिराझ द्राक्षाच्या रेड वाईनमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा असतो. मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवून दिलं, आणि त्याच वेळी असंही आढळलं, की सुमारे एक पंचमांश लोकांच्या नाकाला ते संयुग जाणवतच नाही, प्रमाण भरपूर वाढवलं तरी. पाच जणांच्या टेबलावर एखादं असं नाक असणं अगदीच शक्य आहे. तिने इतरांची री ओढून 'मिरी' लिहिलं असतं, तर हे कुणाला कळलंच नसतं. कागदावर तिने वास 'फळांचा' लिहिलाय. तिच्यापुरतं तेच बरोबर.

[दृश्य: बाटल्या टेबलावर येतात. लेबलं कॅमेऱ्याकडे.]

आता बाटल्या बाहेर येतात आणि सगळे पुन्हा एकेक घोट मागतात. या वेळी लेबल बघत. मघाशी चौथ्या नंबरवर गेलेली बाटली आता बरी लागायला लागते. आव आणतायत म्हणावं, तर तसंही नाही. २००८ मध्ये २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीने वाईन दिली. एकच वाईन एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. किंमत जास्त सांगितली, की ती जास्त आवडल्याचं ते सांगत होते आणि मेंदूतला आनंदाशी जोडलेला भागही जास्त उजळत होता. म्हणजे लेबल बघून आलेली मजा खोटी नसते. फक्त ती द्राक्षांची नसते.

शेवटी यजमानीण आपलं गुपित फोडते. ४१७ आणि ८३२, दोन्ही ग्लासांत एकच वाईन. एकाच बाटलीतून, पाच मिनिटांच्या अंतराने ओतलेली.

एकदम शांतता. मग कागदांची खसखस. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाईन स्पर्धेतल्या परीक्षकांवर वाईन बनवणारे रॉबर्ट हॉजसन यांनी हाच डाव टाकला होता. एकाच बाटलीतले तीन ग्लास, इतर वाईनमध्ये मिसळलेले. तिन्हींना एकाच पदकाच्या टप्प्यातले गुण देणारे परीक्षक जेमतेम दहा टक्के निघाले. तेव्हा इथे कुणी तोंडघशी पडलं, तर संगत चांगली आहे.

पैज लावणाऱ्याचा कागद यजमानीण मोठ्याने वाचते. "४१७: मुरलेली, भरदार. वीसपैकी १७. ८३२: पाणचट. वीसपैकी ९. हा पैसे देऊन आणणारा कोण?"

"आणि ही बाटली कुणाची होती?" कुणीतरी विचारतं.

त्याचीच.

"दे तो कागद इकडे," तो म्हणतो. यजमानीण कागद घडी घालून खिशात टाकते आणि त्याच्या हातात भांडी घासायचा स्पंज देते. ग्लास ३० आहेत.