समीकरणात काळच नाही

(दृश्य: हर्णै बंदर. ओहोटी. वाळूत कलंडलेल्या होड्या.)

पाणी कधी चढणार? इथला जुना हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. बंदरागणिक तासाभराचा फरक धरायचा. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी फार वर यायचं नाही, हेही त्यातच आलं.

आता जरा खोडसाळ प्रश्न. या हिशेबात काळ मोजला कुठे? चंद्र किती सरकला आणि पाणी किती चढलं, एवढीच सांगड आहे. तीन वाजले म्हणजे तरी काय, काटा तिनावर आला.

(दृश्य: फळ्यावर समीकरण.)

हाच पेच भौतिकशास्त्रातही आहे. पुंजयांत्रिकीत, म्हणजे अणुरेणूंचे नियम सांगणाऱ्या क्वांटम मेकॅनिक्समध्ये, काळ बाहेरून टिकटिक करतो, त्याला कशाचाच धक्का लागत नाही. आइन्स्टाइनच्या १९१५च्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तात मात्र वस्तुमानाजवळ घड्याळच मंदावतं. दोन्ही आपापल्या जागी चोख. महास्फोटापाशी सगळंच अतिसूक्ष्म आणि अतिजड, म्हणून दोन्ही एकदमच लागतात आणि तिथे सगळं अडतं. १९६७ साली भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डीविट यांनी दोन्हींची मोट बांधणारं समीकरण मांडलं. त्यात काळ उरलाच नाही.

मग 'आधी' आणि 'नंतर' यांचं काय करायचं?

शिरपूरला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर यांनी १९८६ साली आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत (नव्या राशी वापरून) लिहिली. त्यातून पुढे लूप क्वांटम ग्रॅव्हिटी, म्हणजे या दोन सिद्धान्तांची सांगड घालू पाहणारी एक मांडणी, उभी राहिली. २००६मध्ये टोमाश पाव्ह्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्यासोबत त्यांनी एका साध्या विश्वाचं गणित केलं. घड्याळ म्हणून त्यांनी विश्वातलंच एक क्षेत्र (फील्ड, म्हणजे सगळीकडे पसरलेली एक भौतिक राशी) घेतलं. ते किती बदललं, त्यावर विश्वाचा आकार मोजला. उत्तर आलं: विश्व आकुंचन पावतं आणि उसळून पुन्हा पसरतं. महास्फोटाच्याही 'आधी' काहीतरी होतं!

पण घड्याळ म्हणून दुसरंच काही निवडलं असतं तर? तीच उसळी दिसली असती? आणि नसती दिसली, तर ती विश्वाची म्हणायची की आपल्या निवडीची?

प्रयोगाने निवाडा होणं कठीण. असे परिणाम ज्या मापावर दिसतील ती प्लांक लांबी मीटरमध्ये लिहायची तर दशांशचिन्हापुढे आधी ३४ शून्यं द्यावी लागतात. इतक्या बारीक पोहोचेल असं यंत्र आपल्याकडे नाही. सुंदर गणिताला पुरावा मानायला मी काही तयार नाही. मात्र घड्याळ बदललं की उत्तर बदलतं का, हे कागदावरही तपासता येतं, आणि ते काम चालू आहे.