गोटी कोणाकडून घ्यायची?

[दृश्य : जाड, हिरवट काचेची जुनी बाटली. गळा दोन्ही बाजूंनी चिमटा घेतल्यासारखा दबलेला, आत काचेची गोटी.]

1870 च्या दशकात हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने सोडावॉटरच्या बाटलीला बुचाची गरजच उरू नये अशी युक्ती काढली. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी ठेवायची, तोंडाशी खाच पाडून तीत रबराचे कडे बसवायचे आणि बाटली उलटी धरून भरायची. म्हणजे पेयातला वायूच गोटीला त्या कड्यावर रेटून धरतो आणि बाटली आपोआप बंद होते. प्यायच्या वेळी गोटी आत ढकलली की ती गळ्याच्या चिमट्यात अडकते व ओतताना आडवी येत नाही. या रचनेचे पेटंट कॉडने घेतले आणि इतर काचकारखान्यांना ही बाटली बनवण्याचे परवानेही दिले. त्यांत अट अशी होती की, गोट्या आणि रबरी कडी कॉडकडून विकत घ्यायची आणि गळ्यात खाच पाडण्यासाठी त्याचेच हत्यार वापरायचे.

बाटली कोणीही फुंकावी, पण तिच्यातली गोटी माझ्याकडूनच घ्यावी, असा हा व्यवहार होता. खाद्यपेयांच्या वेष्टनतंत्रावरून पुढे जी गाजलेली भांडणे न्यायालयांपर्यंत गेली, त्यांतली कितीतरी थोड्याफार फरकाने याच अटीवरून झाली. म्हणून या माहितीपटात आपण शोधांपेक्षा करारांकडे अधिक लक्ष देणार आहोत.

[दृश्य : पत्र्याचा डबा, हाताने डाग दिलेली त्याची शिवण.]

कॉडच्या आधी अशा ज्ञानाचे दोनच सरळ मार्ग होते : ते सर्वांना सांगून टाकायचे किंवा एकाला विकून टाकायचे. योगायोगाने दोन्हींची उदाहरणे 1810 या एकाच वर्षात सापडतात. फ्रान्समध्ये निकोला आपेर याने बंद काचपात्रात अन्न उकळून टिकवण्याची रीत सिद्ध केली, तेव्हा सरकारने त्याला 12,000 फ्रँक दिले, पण रीत छापून प्रसिद्ध करण्याच्या अटीवर. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांड याने पत्र्याच्या डब्यांचाही समावेश असलेले पेटंट मिळवले आणि पुढे ते 1,000 पौंडांना विकून तो या धंद्यातून बाजूला झाला. विकत घेणाऱ्यांनी, म्हणजे ब्रायन डॉन्किन आणि जॉन हॉल यांनी, 1813 पर्यंत डबाबंद अन्नाचा कारखाना चालू केला. ड्युरांडला त्यानंतरच्या एकाही डब्यावर पैसा मिळाला नाही, आणि परवान्याची पद्धत नेमकी हीच उणीव भरून काढते.

परवाना म्हणजे विक्री नव्हे. पेटंट मालकाकडेच राहते; दुसऱ्याला मिळते ती ठरावीक प्रदेशात, ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक मालापुरती वापराची मुभा. मोबदला कधी एकरकमी असतो, कधी दर हजार बाटल्यांमागे किंवा डब्यांमागे रॉयल्टी म्हणून द्यावा लागतो, कधी यंत्राच्या भाड्यात मिसळलेला असतो. एकाच परवानाधारकाला अनन्य हक्क दिला, तर खुद्द मालकालाही त्या क्षेत्रात उतरता येत नाही, असाही करार होऊ शकतो. हे सगळे कोणत्याही उद्योगातल्या परवान्याला लागू आहे. वेष्टनाच्या धंद्याचे वेगळेपण एवढेच की, इथे यंत्र वर्षानुवर्षे टिकते, पण त्यात घालायची वस्तू रोज संपते. बूच, झाकण, कागदाचे रीळ, कॉफीची कुपी यांपैकी काहीही असो, भरण्याचे यंत्र एकदा बसवले की त्याची भूक कायमची असते; ती भागवण्याचा हक्क ज्याच्याकडे, त्याला परवान्याच्या शुल्कावर फारसे अवलंबून राहावे लागत नाही.

[दृश्य : जाड खोक्यात मधोमध धूर सोडणारा कोरडा बर्फ, भोवती आइस्क्रीमचे डबे.]

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 1931 साली आलेल्या कार्बिस खटल्यात पेटंट होते एका खोक्यावर. उष्णतारोधक खोका, आत कोरडा बर्फ (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणि त्याच्याभोवती आइस्क्रीमसारखा नाशवंत माल अशी ती मांडणी होती. पेटंटाचा अनन्य परवाना असलेली कंपनी खोके विकत नव्हती, खोके बनवण्याबद्दल रॉयल्टीही मागत नव्हती. आमच्याकडून बर्फ घ्या, म्हणजे ही मांडणी वापरण्याची मुभा तुम्हाला आपोआप मिळेल, असे ती ग्राहकांना सांगत होती. कार्बिस कंपनीने त्याच ग्राहकांना आपला बर्फ विकला, तेव्हा तिच्यावर दावा लावण्यात आला. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी निकाल दिला की, ज्या वस्तूवर पेटंट नाही त्या वस्तूच्या बाजारावर पेटंटाच्या आडून मक्तेदारी मिळवता येणार नाही. त्या मांडणीत शोध म्हणावा असे काही नाही, असे म्हणून पुढे त्याच वर्षी न्यायालयाने ते पेटंटही रद्दबातल ठरवले.

दहा वर्षांनी हाच प्रश्न मिठाच्या वड्यांच्या रूपाने पुन्हा उभा राहिला. डबाबंद भाज्या करणाऱ्या कारखान्यांना प्रत्येक डब्यात मोजून मीठ टाकणारे यंत्र सपिगर कंपनी आपल्या उपकंपनीमार्फत भाड्याने देत असे, आणि त्या यंत्रात त्याच उपकंपनीच्या मिठाच्या वड्या वापरण्याचे बंधन परवान्यात होते. 1942 च्या निकालातला विशेष असा की, प्रतिवादी मॉर्टन सॉल्ट कंपनीवरचा आरोप मीठ विकल्याचा नव्हता. तिने तसलीच यंत्रे बनवून भाड्याने दिली होती, म्हणजे पेटंटाचा भंग केल्याचा आरोप थेट यंत्राबाबतचा होता. तरीही न्यायालयाने सपिगरला मदत नाकारली. पेटंटाचा गैरवापर चालू आहे तोवर पेटंटधारकाने न्यायाची अपेक्षा करू नये, असा त्याचा आशय होता. परवान्यातल्या एका लोभी कलमामुळे सगळे पेटंटच निकामी होऊ शकते, हे त्या दिवसापासून करार लिहिणाऱ्या वकिलांना ध्यानात ठेवावे लागले.

[दृश्य : वितळलेल्या काचेचा तांबडालाल गोळा साच्यात पडतो.]

काचेच्या बाटल्यांच्या बाबतीत हे प्रकरण अधिक पुढे गेले होते. मायकेल ओवेन्स याने विसाव्या शतकाच्या आरंभी ओहायो राज्यातल्या टोलीडो शहरात बाटल्या बनवणारे पूर्ण स्वयंचलित यंत्र उभे केले. पुढे काचेचा गोळा मोजून साच्यात सोडणारी यंत्रे आली, आणि त्यांवरची शेकडो पेटंटे हार्टफर्ड-एम्पायर या कंपनीच्या पुढाकाराने काही मोठ्या उत्पादकांनी एकत्र बांधली. 1938 पर्यंत अमेरिकेत अशा यंत्रांवर तयार होणारी 94 टक्के काचपात्रे या गाठोड्यातल्या परवान्यांखाली बनत होती. यंत्रे विकली जात नसत, भाड्याने दिली जात; आणि परवाना देताना दुधाच्या बाटल्या एकाला, फळांच्या बरण्या दुसऱ्याला अशी वाटणी होई, किती नग बनवायचे यावरही काहींना मर्यादा असे. 1945 साली सर्वोच्च न्यायालयाने हे संगनमत बेकायदा ठरवले. मात्र पेटंटे फुकट वाटून टाका, हा खालच्या न्यायालयाचा आदेश त्याने बदलला आणि मागेल त्याला सारख्या व वाजवी रॉयल्टीवर परवाना द्यावा, असे सांगितले. निवेदकाच्या मते ही दुरुस्ती मूळ निकालाइतकीच महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे परवाना हे साधन मोडीत निघाले नाही. फक्त तो कोणाला द्यायचा आणि कोणाला नाकारायचा, ही मनमानी संपली.

[दृश्य : कागदाचे भले मोठे रीळ यंत्रात उलगडत जाते, नळी होते, भरते, कापले जाते.]

आता युरोपकडे वळू. स्वीडनमधल्या लुंड येथे रूबेन राउसिंग यांनी 1951 साली टेट्रा पॅक कंपनी स्थापन केली आणि 1961 साली तिचे निर्जंतुक भरणीचे पहिले यंत्र दाखवण्यात आले. या पद्धतीत कागद, पॉलिइथिलीन आणि अॅल्युमिनियम यांचे थर असलेली पट्टी हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक होते, तप्त हवेने कोरडी केली जाते, तिची उभी नळी होते, आणि नळीत दूध उतरत असतानाच दुधाच्या पातळीखाली आडवी शिवण मारून डबा वेगळा केला जातो, त्यामुळे आत हवेला जागाच राहत नाही. कृतीचा हा आराखडा पेटंटात वाचता येतो. पण कागद किती वेगाने ओढायचा, शिवण मारणारे जबडे किती तापवायचे, एखादा डबा गळला तर दोष कागदाचा, यंत्राचा की धुलाईचा हे कसे ओळखायचे, ही माहिती पेटंटात नसते. ती तंत्रज्ञांच्या हातात आणि कंपनीच्या गुप्त कागदांत असते, व परवान्यात तिचा वेगळा करार होतो. पेटंटाची मुदत सामान्यतः अर्जापासून 20 वर्षांत संपते. गुपित मात्र जोवर फुटत नाही तोवर मोलाचे राहते.

टेट्रा पॅकची दोन प्रकरणे युरोपीय आयोगापुढे आली. पहिले अनन्य परवान्याचे होते. पेरॉक्साइड आणि अतिनील किरण एकत्र वापरून डबे निर्जंतुक करण्याच्या एका ब्रिटिश तंत्राचा अनन्य परवाना लिक्विपॅक गटाकडे होता, आणि 1986 साली तो गटच विकत घेतल्यामुळे परवानाही टेट्रा पॅककडे आला. हा परवाना कायदेशीर मार्गाने मिळालेला होता; तरीही आयोगाने 1988 साली म्हटले की, ज्याचे बाजारावर आधीच वर्चस्व आहे त्याने एकमेव पर्यायी तंत्राचा अनन्य हक्क आपल्याकडे ओढून घेतला, तर नव्या स्पर्धकाला वाटच उरत नाही. 1990 साली न्यायालयाने हे मत उचलून धरले. कंपनीने अनन्यतेचा हक्क तोवर स्वतःहून सोडून दिला होता.

दुसऱ्या प्रकरणात कॉडची गोटी परत आली. टेट्रा पॅकच्या यंत्रात फक्त टेट्रा पॅकचेच डबे वापरायचे आणि तेही तिच्याकडूनच घ्यायचे, अशी अट ग्राहकांच्या करारात होती. कंपनीचा युक्तिवाद पोकळ नव्हता : परक्या कागदाचा डबा गळून दूध नासले, तर दोष यंत्राच्या नावावर जातो आणि लोकांच्या आरोग्यालाही धोका होतो. न्यायालयांनी मात्र सांगितले की, आरोग्याचे मानदंड ठरवणे हे शासनाचे काम आहे. ते मानदंड पाळणारा कागद दुसऱ्या कोणी बनवला, तर त्याला अडवण्याचा अधिकार यंत्रविक्रेत्याला नाही. 1991 साली ठोठावलेला 7 कोटी 50 लाख एक्यूंचा (एक्यू हे युरोपूर्वीचे युरोपीय चलन-एकक) दंड 1996 साली अखेरच्या अपिलातही कायम राहिला.

[दृश्य : प्रयोगशाळा. प्लास्टिकच्या तुकड्यावर ओतलेला द्रव, तापमापक, नोंदवही.]

शासनाचे ते मानदंड हीसुद्धा परवानाधारकाची एक स्वतंत्र डोकेदुखी असते. युरोपच्या नियमांनुसार प्लास्टिकच्या एका चौरस डेसिमीटरमधून अन्नात एकूण 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक द्रव्य झिरपता कामा नये. अमेरिकेत 1997 च्या कायद्याने सुरू झालेल्या पद्धतीत अन्नाला लागणाऱ्या नव्या द्रव्याची सूचना अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते, आणि ती मान्यता केवळ सूचनेत नाव असलेल्या उत्पादकाच्या मालालाच लागू होते. तेच द्रव्य दुसऱ्या उत्पादकाकडून घेतले, तर मान्यतेचा मार्ग पुन्हा चालावा लागतो. म्हणजे कलम लिहून कोणी बांधले नाही, तरी नियमांमुळेच गोटी पुष्कळदा ठरलेल्या दुकानातून घ्यावी लागते.

मुदत संपल्यावर काय होते, याचे अलीकडचे उदाहरण कॉफीच्या कुप्यांचे आहे. क्युरिग या अमेरिकी कॉफीयंत्र कंपनीच्या, एका कपापुरती कॉफी भरलेल्या कुप्यांवरची मुख्य पेटंटे 2012 मध्ये संपताच परवाना नसलेल्या कुप्या बाजारात आल्या. तेव्हा 2014 च्या नव्या यंत्रात झाकणावरची विशिष्ट शाई ओळखणारी सोय बसवण्यात आली आणि अनोळखी कुपीवर यंत्र चालेनासे झाले. ग्राहक इतके संतापले की कंपनीला पुढे माघार घ्यावी लागली. मुदत संपलेल्या पेटंटावर रॉयल्टी घेत राहणे अमेरिकेत 1964 पासून अमान्य आहे. तो निकाल बिअरला कडवटपणा देणारी हॉप्स तोडणाऱ्या यंत्रावरून लागला होता आणि 2015 साली तो पुन्हा कायम करण्यात आला. नाव मात्र पेटंटासारखे संपत नाही. तळाला घडी असलेली, उभी राहणारी पिशवी 1960 च्या दशकारंभी फ्रान्सच्या तिमोनिये कंपनीत लुई दोयाँ यांनी काढली. तिचे पेटंट केव्हाच इतिहासजमा झाले, पण दोयाँच्या आडनावावरून पडलेले ‘डॉयपॅक’ हे नाव आजही त्या कंपनीचे व्यापारचिन्ह आहे.

[दृश्य : पेट (PET) या प्लास्टिकची पारदर्शक बाटली, प्रकाशासमोर फिरवलेली.]

2009 साली कोका-कोला कंपनीने वनस्पतीजन्य घटक असलेली बाटली ‘प्लँटबॉटल’ या नावाने आणली. पेट प्लास्टिक दोन घटकांपासून बनते. त्यांतला वजनाने सुमारे 30 टक्के असलेला ग्लायकॉल खनिज तेलाऐवजी वनस्पतींपासून मिळवायचा, ही तिच्यातली नवी गोष्ट होती. 2011 साली हाइन्झ कंपनीला केचपच्या बाटल्यांसाठी हे तंत्र परवान्याने देण्यात आले, आणि 2019 च्या प्रारंभी कोका-कोलाने ते प्रतिस्पर्ध्यांसह सर्वांनाच खुले केले. यामागे केवळ औदार्य नव्हते. वनस्पतीजन्य ग्लायकॉलला मागणी वाढली, तरच त्याचे उत्पादन वाढणार होते, हे कंपनीने लपवलेही नाही. परवान्याची अट गेली, शुल्क गेले. परंतु हा ग्लायकॉल जगात मोजकेच कारखाने बनवतात, आणि बाटली बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाला आजही त्यांच्याच दारी जावे लागते.