केबल पंचायतीत, रेंज टेकडीवर

(दृश्य: सातपुड्याचा डोंगरउतार, अक्कलकुवा तालुका. टेकडीच्या माथ्यावर दहा-बारा माणसं. दगडावर रेशनचं मशीन.)

दुकान खाली पाड्यात आहे. धान्यही तिथेच आहे. वर यायचं ते फक्त अंगठा द्यायला, कारण पॉस मशीनला रेंज मिळते ती इथे. दुकानदार मशीन घेऊन पुढे, कार्डधारक मागे. पावती निघाली की उतरायचं आणि गहू-तांदूळ घ्यायचे. एका आजीबाईंचा अंगठा लागत नाही. उभ्या जन्माच्या मजुरीनं बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. त्यात मशीनवरचं चक्रही फिरतंच आहे. दोष बोटाचा की नेटचा, हे ना आजींना कळतं, ना दुकानदाराला.

देशातलं पहिलं आधार कार्ड याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात दिलं गेलं. तारीख २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. ओळख आधी आली. ती तपासायला लागणारं नेटवर्क डोंगरात मागून, तुकड्यातुकड्यानं येत राहिलं.

आणि सक्ती मात्र थांबली नाही. अंगणवाडी सेविकेची पोषणाची नोंद मोबाईलवर गेली. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा, फोटोसकट. फोटो चढला नाही तर अडकते ती मजुराची मजुरी. राज्याची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईलवर करणं, १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली. तिच्यात निदान एवढी सोय आहे, की शेतात रेंज नसताना फोटो काढून ठेवावा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवावा. हे ज्याला सुचलं, तो कधीतरी बांधावर उभा राहिला असणार.

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय. दाराला कुलूप. खिडकीतून दिसणारी भिंतीवरची पेटी.)

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रानं २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ पासून तिचं नाव भारतनेट. लक्ष्य होतं सुमारे अडीच लाख पंचायती. पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून कापल्या जाणाऱ्या निधीतला. म्हणजे शहरात रिचार्ज मारणाऱ्यानंही या केबलला हातभार लावलेला आहे.

तालुक्याच्या एक्स्चेंजमधून निघालेला प्रकाश काचेच्या तंतूतून पंचायतीच्या या पेटीत येतो. पेटीला लाईट लागते. इथे लाईट गेली की पेटी बंद, बॅटरी जुनी झाली की बंद. ग्रामसेवकाकडे दोन गावं असली तर उरलेले दिवस दारालाच कुलूप. कागदावर पंचायत जोडलेली असते, आणि ते खोटंही नसतं. पण शाळा, दवाखाना आणि घरं त्या पेटीपासून जी दोन-चारशे पावलं लांब आहेत, तेवढी तार ओढायची कुणी, हे बरीच वर्षं कुणाच्याच गळ्यात नव्हतं. आमच्या मते योजनेचं घोडं अडलं ते इथे. किती किलोमीटर केबल टाकली हे मोजलं गेलं. किती घरांत नेट चालतं हे मोजायची सवय फार उशिरा लागली.

(दृश्य: धुळ्याजवळ महामार्गालगत चर. जेसीबी. चेंबरशेजारी सतरंजीवर बसलेला जोडारी.)

केबल जिथे पोहोचली तिथे ती तुटतेही. सुरत-धुळे-जळगाव महामार्गाचं चौपदरीकरण, पाण्याची पाईपलाईन, गटार, कशासाठीही जेसीबी लागला की दातात फायबर आलंच. खोदण्याआधी कळवता यावं म्हणून मार्च २०२३ मध्ये केंद्रानं एक अ‍ॅप काढलं. जेसीबीवाल्याच्या फोनमध्ये ते असतं का, ते त्यालाच विचारा.

या जोडाऱ्याचे हात बघा. केबल सोलली. आत रंगीत नळ्या, नळीत रंगीत तंतू. निळा निळ्याला, नारिंगी नारिंगीला. एका तंतूवरचं आवरण चिमट्यानं ओढून काढलं, उरली ती केसाएवढी काच, जाडी १२५ मायक्रॉन. स्पिरिटनं पुसली, कटरवर टोक सरळ कापलं. दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली, झाकण लावलं. ठिणगी पडते, काच वितळते, सांधा जुळतो. सांध्यात किती प्रकाश वाया जाईल, त्याचा आकडा स्क्रीनवर येतो. त्याला तो पटला नाही, तर तोडून पुन्हा. वारा सुटला की धूळ, धूळ बसली की सांधा वाया. म्हणून वैशाखात तो छत्री आडवी धरायला एक पोरगा सोबत आणतो.

जुनी रचना सरळ रेषेची होती. मध्ये एक कट, की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये पंचायती कड्यासारख्या जोडायच्या आहेत. एक बाजू तुटली तर दुसरीकडून नेट यावं. खर्च १,३९,५७९ कोटी रुपये, आणि त्यात दहा वर्षांची देखभाल धरलेली.

(दृश्य: रावेर. केळीची बाग. घडांची कटाई, ट्रक भरणं.)

सगळा खान्देश सातपुड्याच्या कुशीतला नाही. तापीकाठी रावेर-यावलमध्ये केळीवाल्याला नेट कशाला हवं, हे कुणी समजावलं नाही. सकाळी बऱ्हाणपूरचा भाव व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आणि त्यावर ठरतं की आज कापायचं की दोन दिवस थांबायचं. व्यापारी बांधावर येऊन भाव सांगायचा आणि तोच खरा मानावा लागायचा, ती सद्दी त्या एका मेसेजनं ढिली केली. गावचा टीव्ही केबलवालाच इथे फायबर घेऊन घरोघर फिरला. विजेच्या खांबांवरून लोंबणाऱ्या त्याच्या तारा दिसायला वाईट आहेत, पण चालतात.

घरात नेट आलं म्हणजे सगळ्यांच्या हाती आलं, असं मात्र नाही. स्मार्टफोन एक असला तर तो बापाच्या खिशात शेतात जातो. बारावीच्या मुलीला मिळतो तो रात्री, स्वयंपाकाची भांडी आवरल्यावर.

बिलाचंही तेच. नेटचं बिल दर महिन्याला येतं. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढे-मागे येतो. धडगाव-अक्कलकुव्यातली कितीतरी घरं तर दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीला परततात. अक्कलकुव्यातल्या काठी गावची होळी चुकवायची नसते. मधले महिने घराला कुलूप. या कुलपाचं भाडं कुठल्याच प्लॅनमध्ये बसत नाही.

(दृश्य: शहादा तालुका. मोटारसायकलवर केबलची गुंडाळी, खांद्यावर शिडी.)

घरोघर नेट जोडणारा हा पोरगा ते गणित बसवतो. ऊसतोडीला गेलेल्यांच्या लाईनी तो बंद ठेवतो, पैसे मागत नाही, होळीला चालू करतो. त्याच्या वहीत दोन खाती आहेत: महिन्यावाले आणि हंगामवाले. घरापर्यंत तार नेणाऱ्या अशा गावातल्या माणसाला सरकारी योजनेत आता ‘उद्यमी’ म्हणतात, आणि बिलातला हिस्सा देतात. दिवसभरात त्याला एकच प्रश्न विचारला जातो, अहिराणीत: नेट शे का?

त्याची तक्रार हिश्श्याची नाही. वरची केबल कट झाली की तो तालुक्याला फोन लावतो, आणि पलीकडे उचलायला कुणी नसतं. गिऱ्हाईक मात्र त्याच्या दारात येऊन बसतं. नव्या कंत्राटातली दहा वर्षांची देखभाल त्याला माहीत आहे. त्याला हवा आहे तो तिथल्या माणसाचा नंबर.